पिशवी हवी का, असं विचारायला लावणारा कायदा

किनारा साफ करायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यांत चिवट कचरा कोणता. बाटली उचलता येते, चप्पल उचलता येते, वाळूत अडकलेलं जाळं दहा जणांनी मिळून ओढलं तर निघतं. पिशवी निघत नाही. तिचे दोन बंद तेवढे वाळूबाहेर डोकावत असतात, बाकीची पिशवी ओल्या वाळूनं गच्च भरून खाली रुतलेली असते. जोर लावला की बंद हातात येतात आणि पोट वाळूतच राहतं. उकरत बसलं तरी उन्हानं ठिसूळ झालेलं प्लास्टिक पापुद्र्यासारखं तुटत जातं. अशा कित्येक पिशव्यांची मी ‘एक नग’ म्हणून वहीत नोंद केली आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच पिशव्यांचा निम्मा भाग तिथेच सोडून आले आहे.

समुद्रातल्या प्लास्टिकविषयी आपण बोलतो तेव्हा ते कसं उचलायचं याकडे चर्चा लगेच वळते. यंत्रं, जाळी, स्वयंसेवक, मोहिमा. बाटलीच्या बाबतीत या सगळ्याला काही अर्थ आहे. पिशवी मात्र एकदा हातातून सुटली की ती परत मिळवणं जवळजवळ अशक्य होऊन बसतं. तिला थांबवायची जागा एकच, ती हातात पडण्याआधीची. तिथे समजावणीनं भागत नाही, कायदाच लागतो. कायद्यांचा तुटवडाही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०१८ साली घेतलेल्या आढाव्यानुसार १९२ पैकी १२७ देशांत प्लास्टिकच्या पिशव्यांवर कुठला ना कुठला निर्बंध होता. तरी किनाऱ्यावर पिशव्या सापडतातच. याचं एक मोठं कारण मला असं दिसतं की यांतले बरेच कायदे पिशवीची जाडी मोजत बसले. हात घालायला हवा होता तो तिच्या फुकटपणाला.

फुकटपणा हा शब्द मी मुद्दाम वापरते. या पिशवीत वस्तू म्हणून काही खोट नाही. पॉलिथिन तयार झालं ते १९३३ मध्ये इंग्लंडातल्या नॉर्थविच इथल्या प्रयोगशाळेत, आणि तेही अपघातानं. त्यापासून एकसंध, शिवण नसलेली, दोन बंदांची पिशवी बनवायची युक्ती स्वीडनमधल्या सेलोप्लास्ट कंपनीचे अभियंते स्टेन गुस्ताफ थुलिन यांची. तिचं अमेरिकी पेटंट १९६५ सालचं आहे. पाच-सहा ग्रॅमची पिशवी पाच-सहा किलो वजन पेलते, म्हणजे स्वतःच्या हजारपट. ती भिजत नाही, कुजत नाही, घडी घातली की मुठीत मावते. थुलिन यांच्या मुलानं पुढे सांगितलं आहे की वडील आपल्या खिशात अशी एक पिशवी घडी घालून कायम ठेवत, आणि लोक ती एकदा वापरून फेकतील हे त्यांना कधी सुचलंही नसतं. ज्यानं ती घडवली तो तिला पुन्हा पुन्हा वापरायची वस्तू समजत होता. ती एकदाच वापरायची झाली ती बाजारात. तयार करायला इतकी स्वस्त, की विक्रेत्याला तिचे पैसे मागायची लाज वाटावी आणि घेणाऱ्याला ती जपायची गरज वाटू नये.

जगात दरवर्षी किती पिशव्या वापरल्या जातात, याचा प्रचलित अंदाज एक ते पाच लाख कोटी असा आहे. वरचा आकडा खरा धरला तर मिनिटाला जवळपास एक कोटी. पण मला त्या आकड्यापेक्षा त्या दोन टोकांमधलं अंतर जास्त बोलकं वाटतं. एखाद्या वस्तूचा अंदाज पाचपटींनी पुढे-मागे होतो, कारण तिची कुठे नोंद नाही, तिला पावती नाही, तिचा कुणी हिशेब ठेवत नाही. ज्याची किंमत शून्य, त्याची मोजदाद कोण करणार?

ही शून्य किमतीची वस्तू समुद्रापर्यंत पोहोचते कशी, ते नीट पाहिलं पाहिजे, कारण पिशवीचा प्रवास इतर प्लास्टिकपेक्षा वेगळा आहे. कचरापेटीत नीट टाकलेली पिशवीसुद्धा वाऱ्यानं उडते. गाडीतून कचरा नेताना उडते, डेपोवर ओतताना उडते, कुंपणाला आणि झाडाला अडकते, पहिल्या जोरदार पावसात गटारात उतरते. बाटली गटारातून वाहत जाते. पिशवी मात्र जाळीवर पसरून बसते आणि तिच्यामागे बाकीचा कचरा साठत जातो. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत शहरातलं पाणी ओसरेना, त्यामागे पिशव्यांनी तुंबलेली गटारं हेही एक कारण होतं. त्या अनुभवातूनच २००२ मध्ये पातळ पॉलिथिनच्या पिशव्यांवर देशभर बंदी घालणारा तो जगातला पहिला देश ठरला. पिशवीचा पहिला तडाखा बसतो तो माणसांच्या वस्तीला, आणि बहुधा सखल भागातल्या वस्तीला. समुद्र त्याच्या पुढचा टप्पा.

जेना जॅमबेक या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०१० या एका वर्षात किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं. पुढे २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासानं दाखवलं की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के वाटा एक हजारांहून थोड्या अधिक नद्यांचा आहे, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्या पुष्कळ आहेत. समुद्रापासून लांब राहणाऱ्याला वाटतं की आपल्या पिशवीचा किनाऱ्याशी काय संबंध. संबंध त्या लहान नदीतून, तिला मिळणाऱ्या नाल्यातून आहे.

समुद्रात शिरल्यावर पिशवी आधी तरंगते, कारण पॉलिथिन पाण्याहून हलकं आहे. मग तिच्यावर जिवाणूंचा आणि शैवालाचा थर चढतो, ती जड होते आणि बुडते. जपानी संशोधकांनी खोल समुद्रातल्या चित्रफिती तपासल्या तेव्हा प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेत १०,८९८ मीटर खोलीवर एक पिशवी दिसली. ते चित्रण १९९८ मधलं होतं. बुडेपर्यंतचा मधला काळ सगळ्यांत घातक, कारण तेव्हा ती जेलीफिशसारखी दिसते. आणि कासवांच्या बाबतीत नुसतं दिसण्यापुरतं हे थांबत नाही. समुद्रात राहून शेवाळलेल्या प्लास्टिकच्या वासाला कासवं अन्नाच्या वासासारखाच प्रतिसाद देतात, असं २०२० मधल्या एका प्रयोगात आढळलं. लेदरबॅक जातीच्या मेलेल्या कासवांच्या शतकभराहून जास्त काळातल्या ४०८ शवविच्छेदन नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश कासवांच्या पोटात प्लास्टिक होतं. कासवाच्या घशात आत वळलेले काटे असतात, गिळलेली जेलीफिश निसटू नये म्हणून. त्यामुळे पिशवी एकदा आत गेली की तिला बाहेर टाकणं त्याला जमत नाही. २०१८ मध्ये थायलंडच्या किनाऱ्यावर अत्यवस्थ स्थितीत सापडलेल्या पायलट व्हेलच्या पोटात ८० पिशव्या निघाल्या, वजन आठ किलो. या प्राण्याला वाचवायचा पाच दिवस प्रयत्न चालला होता. मला त्या बातमीतला आकडा आठवत राहत नाही, ते पाच दिवस आठवत राहतात.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे सगळेच काही प्लास्टिकचे वकील नसतात. समुद्रातल्या प्लास्टिकच्या वजनात पिशव्यांचा वाटा थोडा आहे, प्रशांत महासागरातल्या त्या मोठ्या कचरापट्ट्यात तर जवळपास निम्मं वजन मासेमारीच्या जाळ्यांचं आहे, मग पिशवीच्या मागे एवढं का लागायचं? जाळ्यांचा मुद्दा खरा आहे, त्यासाठी वेगळे आणि कडक नियम हवेतच. पण वजन हे पिशवीसाठी चुकीचं माप आहे. सहा ग्रॅमच्या पिशव्या टनभर गोळा करायच्या तर दीड लाखाहून अधिक लागतील. त्या दीड लाख पिशव्यांतली प्रत्येक पिशवी एका प्राण्याचा घसा बंद करू शकते, एका प्रवाळाच्या फांदीला गुंडाळून त्याचा उजेड अडवू शकते. शिवाय ती फाटत जाते. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या प्रयोगात किनाऱ्यावरचे उड्या मारणारे लहान कवचधारी जीव पिशवी कुरतडताना दिसले, आणि त्या वेगानं एका पिशवीचे साडेसतरा लाख तुकडे होऊ शकतात, असा हिशेब निघाला. नगांनी मोजलं तर चित्र उलटं दिसतं. जगभरच्या नोंदींचा २०२१ मध्ये एकत्र अभ्यास झाला तेव्हा समुद्रातल्या आणि किनाऱ्यांवरच्या कचऱ्यात सगळ्यांत जास्त आढळलेल्या वस्तूंत पिशव्या अगदी वर होत्या.

मग कायद्यानं काय साधलं? या प्रश्नाचं सगळ्यांत स्वच्छ उत्तर आयर्लंडनं दिलं. ४ मार्च २००२ पासून तिथे प्रत्येक पिशवीमागे १५ सेंट आकार, म्हणजे शुल्क, सुरू झाला. रक्कम किरकोळ. पण तिला दोन अटी होत्या. ती पावतीवर वेगळी दाखवायची, वस्तूंच्या किमतीत मिसळून टाकायची नाही, आणि गोळा झालेला पैसा पर्यावरणासाठीच्या वेगळ्या निधीत जमा करायचा. माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागत होत्या, त्या २१ वर आल्या. काही वर्षांनी आकडा पुन्हा वर सरकू लागला, तेव्हा २००७ मध्ये आकार २२ सेंट केला. बंदी नव्हती, छापे नव्हते, तुरुंग नव्हता. विक्रेत्याला फक्त एक वाक्य बोलणं भाग पडलं: पिशवी हवी का? त्यापूर्वी हे कुणी विचारत नव्हतं. पिशवी आपोआप हातात पडत होती. विचारल्यावर लक्षात आलं की बहुतेकांना बहुतेक वेळा ती नको होती.

यावर कुणी म्हणेल, दंड कशाला, स्वतःची पिशवी आणणाऱ्याला सूट द्या, गोडीनं होईल. हेही तपासून झालं आहे. वॉशिंग्टन शहराच्या परिसरात काही दुकानांत आपली पिशवी आणणाऱ्याला ५ सेंट सूट मिळत होती, आणि नंतर तिथे नवी पिशवी घेणाऱ्याला ५ सेंट कर लागू झाला. अर्थशास्त्रज्ञ तात्याना होमोनॉफ यांनी दोन्हींचा परिणाम मोजला. सूट देण्याचा परिणाम जवळजवळ शून्य. कर लागला तेव्हा मात्र दर शंभर ग्राहकांमागे चाळीसहून अधिक जणांनी एकदाच वापरायच्या पिशव्या घेणं सोडलं. रक्कम दोन्हीकडे तीच. मिळणारे पाच सेंट माणूस विसरून जातो, जाणारे पाच सेंट त्याला टोचतात. माणसाचा हा स्वभाव आहे आणि कायदा करणाऱ्यांनी त्याचा उपयोग करून घेण्यात मला काही वावगं वाटत नाही.

दुकानातल्या पिशव्या कमी झाल्या म्हणून समुद्रातल्या कमी झाल्या का, हा पुढचा आणि जास्त महत्त्वाचा प्रश्न. बरीच वर्षं त्याचं उत्तर अंदाजानंच द्यावं लागे. ब्रिटनमध्ये समुद्रतळावर जाळं ओढून १९९२ ते २०१७ अशी पंचवीस वर्षं कचरा मोजला गेला. त्यात २०१० नंतर पिशव्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. एकूण कचरा मात्र घटला नाही, कारण मासेमारीचं साहित्य आणि इतर वस्तू वाढल्या होत्या. मग २०२५ मध्ये अ‍ॅना पॅप आणि किंबर्ली ओरेमस या संशोधकांचा अभ्यास आला. अमेरिकेतल्या ४५,०६७ किनारा सफाई मोहिमांच्या नोंदी त्यांनी घेतल्या, कुठे कधी कायदा लागू झाला ते त्यांच्याशी जोडलं. कायदा असलेल्या ठिकाणी गोळा झालेल्या कचऱ्यातला पिशव्यांचा वाटा, कायदा नसलेल्या ठिकाणांच्या तुलनेत, २५ ते ४७ टक्क्यांनी कमी होता. याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. जाड पिशव्यांना मोकळीक देणाऱ्या अर्धवट बंदीचा परिणाम सगळ्यांत दुबळा होता, आणि आकार लावल्यानं बंदीपेक्षाही जास्त फरक पडत असावा अशी चिन्हं होती. वहीत नोंदी करणाऱ्या हजारो लोकांच्या कंटाळवाण्या कामातून हे उत्तर निघालं, याचं मला वैयक्तिक समाधान वाटतं.

जाडीचा सापळा थोडा उकलून सांगायला हवा, कारण अजूनही नवे कायदे त्यातच पाय टाकतात. अमुक मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशवीला बंदी, असा नियम करण्यामागचा विचार सरळ आहे. जाड पिशवी महाग पडेल, म्हणून फुकट देता येणार नाही, ती टिकेल, उडणार नाही, भंगारात विकली जाईल. प्रत्यक्षात काय होतं ते कॅलिफोर्नियात दिसलं. २०१४ मध्ये तिथे कायदा झाला, २०१६ च्या सार्वमतात जनतेनं तो उचलून धरला. पातळ पिशवी गेली. पण सुमारे ५७ मायक्रॉन जाडीची, दहा किलो वजन घेऊन १२५ वेळा वापरता येईल अशी पिशवी ‘पुनर्वापराची’ ठरली आणि किमान दहा सेंटला मिळू लागली. ती १२५ वेळा वापरता येत होती, हे खरं. कुणी वापरत नव्हतं, हेही खरं. ती पातळ पिशवीसारखीच घरी यायची आणि फेकली जायची, फक्त प्रत्येक नगात प्लास्टिक कैकपट जास्त. फेकलेल्या पिशव्यांचं एकूण वजन वाढलं. शेवटी २०२४ मध्ये दुसरा कायदा करून ही फट बुजवावी लागली, आणि तो लागू झाला १ जानेवारी २०२६ पासून. दहा वर्षं गेली एका व्याख्येपायी.

इंग्लंडमध्ये हाच प्रकार वेगळ्या नावानं झाला. २०१५ मध्ये पाच पेन्स आकार लागला. त्याआधीच्या वर्षी मोठ्या साखळी दुकानांतून ७६० कोटी पिशव्या गेल्या होत्या. हा आकडा ९५ टक्क्यांहून अधिक घसरला. पण त्याच दुकानांत जाड प्लास्टिकची ‘आयुष्यभराची पिशवी’ थोड्या जास्त किमतीला मिळत होती, आणि तिला हा आकार लागू नव्हता. काही वर्षांत तिची विक्री दीडशे कोटींवर गेली, म्हणजे एका कुटुंबामागे वर्षाला पन्नासहून जास्त. एका कुटुंबाला आयुष्यभराच्या पन्नास पिशव्या दरवर्षी लागत असतील तर त्या आयुष्यभराच्या नाहीत. कायद्यानं ‘एकदाच वापरायची’ ही व्याख्या जाडीवरून केली होती. पण एखादी पिशवी एकदाच वापरायची आहे की नाही, हे तिच्या जाडीवरून ठरत नाही. घेणाऱ्यानं तिच्यासाठी काय मोजलं आणि पुढच्या वेळी त्याला नवी किती सहज मिळणार आहे, यावरून ते ठरतं.

म्हणून माझी मागणी अशी की आकार प्रत्येक नव्या पिशवीवर असावा. पातळ असो, जाड असो, कागदाची असो, कापडाची असो. कागद आणि कापड यांना त्यात ओढल्यानं काही वाचक नाराज होतील. पण तिथेही फुकट वाटप सुरू झालं की समुद्राचा प्रश्न सोडवताना आपण जंगलाचा आणि पाण्याचा प्रश्न वाढवून ठेवतो. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागानं २०१८ मध्ये पिशव्यांच्या जीवनचक्राचा, म्हणजे बनवण्यापासून फेकण्यापर्यंतच्या परिणामांचा, जो अभ्यास केला, त्यातला एक आकडा सगळीकडे फिरतो: सेंद्रिय कापसाची पिशवी वीस हजार वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. प्लास्टिक उद्योगाचा हा आवडता आकडा. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. वीस हजार हा आकडा सगळे निकष एकत्र लावल्यावर, मुख्यतः ओझोनच्या थरावरील परिणामामुळे येतो. फक्त तापमानवाढीचा निकष लावला तर साध्या कापसाच्या पिशवीसाठी तो ५२ आहे आणि सेंद्रिय कापसासाठी १४९. आठवड्यातून एकदा वापरली तर पहिली वर्षभरात आणि दुसरी तीन वर्षांत भरून निघते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, उघड्यावर आणि समुद्रात जाणाऱ्या कचऱ्याचा परिणाम त्या हिशेबात धरलेलाच नाही. ज्या कारणासाठी आपण पिशवीवर बोलत आहोत तेच कारण वगळून केलेली तुलना पुरी कशी म्हणायची? तरीही त्या अभ्यासातला धडा मी नाकारत नाही. कापडी पिशव्या प्रत्येक समारंभात वाटून घराघरांत वीस-वीस साठवणं हा उपाय नाही. घरात आहे ती पिशवी, कशाचीही असो, पुन्हा बाहेर नेणं हा उपाय.

‘विघटनशील’ असं छापलेल्या पिशव्यांना तर कसलीच सवलत नको. प्लिमथमधल्याच इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी अशा वेगवेगळ्या पिशव्या मातीत पुरून, समुद्राच्या पाण्यात बुडवून, उघड्या हवेत ठेवून तीन वर्षं तपासल्या. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी मातीत आणि पाण्यात तीन वर्षं काढल्यावरही सामान भरून नेण्याइतकी शाबूत होती. कंपोस्ट होणारी पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत नाहीशी झाली, हे चांगलं. पण तीन महिने कासवाच्या दृष्टीनं फार मोठा काळ आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या छापील शब्दामुळे माणूस निर्धास्त होतो आणि पिशवी बेफिकिरीनं टाकतो.

पुनर्प्रक्रियेचाही भरवसा इथे फारसा नाही. २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम नऊ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली होती, आणि पिशवी त्यातही मागे, कारण ती वर्गीकरणाच्या यंत्राच्या चाकांत गुंडाळून यंत्रच बंद पाडते.

एका आक्षेपाला मात्र मी जास्त मान देते. घरी आलेली फुकटची पिशवी पुष्कळ घरांत कचऱ्याच्या डब्याला लावली जात होती. ती बंद झाल्यावर लोक कचऱ्याच्या पिशव्या विकत घेऊ लागले. कॅलिफोर्नियातल्या स्थानिक बंदींबाबत अर्थशास्त्रज्ञ रेबेका टेलर यांनी हिशेब मांडला: दुकानी पिशव्यांचं चार कोटी पौंड प्लास्टिक वाचलं, पण कचऱ्याच्या पिशव्यांत एक कोटी वीस लाख पौंडांची भर पडली. म्हणजे तीन दशांश बचत परत गेली. हवामानाच्या दृष्टीनं हा तोटाच. समुद्राच्या दृष्टीनं मात्र तेवढा नाही, असं मला वाटतं, कारण कचऱ्यानं भरून गाठ मारलेली पिशवी वाऱ्यावर उडत नाही. समुद्रात जाते ती रिकामी, सुटी पिशवी.

आता बंदीविषयी. आकार हाच उपाय सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. आयर्लंडचा आकार वसूल झाला कारण तिथे गल्ला होता, पावती होती, हिशेब तपासता येत होता. जिथे बहुतेक विक्री रस्त्यावर, टोपलीतून, पावतीशिवाय होते तिथे प्रत्येक पिशवीमागे पैसे घेतले की नाही हे कोण तपासणार? केनियानं ऑगस्ट २०१७ मध्ये जगातली सगळ्यांत कडक मानली गेलेली बंदी आणली. पिशवी बनवणं, आयात करणं, विकणं, वापरणं, सगळ्यालाच मनाई. शिक्षा चार वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा चाळीस लाख शिलिंगांपर्यंत दंड. त्यानंतर शेजारच्या देशांतून चोरट्या मार्गानं पिशव्या येत राहिल्या, हे खरं आहे. तरीही केनियाच्या कायद्यानं एक गोष्ट बरोबर केली. तो फक्त हातगाडीपाशी थांबला नाही, कारखान्यापर्यंत गेला. बंदी घालणाऱ्या कित्येक देशांत उलट घडतं. पिशवी बनवणाऱ्या यंत्राला कुणी हात लावत नाही आणि तपासनीस भाजीविक्या बाईच्या टोपलीतल्या पाव किलो पिशव्या जप्त करतो. तिला पर्यायी पिशवी परवडत नाही, नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या टोपलीकडे जातं, आणि दंड मात्र तिलाच. असा कायदा अन्यायी आहे आणि अन्यायी असल्यामुळेच तो टिकत नाही. लोक मनातून त्या बाईच्या बाजूनं असतात. बांगलादेशानं २००२ मध्ये मार्ग दाखवला, पण अंमलबजावणी ढिली पडली, आणि २०२४ मध्ये तिथल्या हंगामी सरकारला तीच बंदी नव्यानं लागू करायला घ्यावी लागली.

जिथे पावती नाही तिथे आकार कारखान्याच्या दारात आणि बंदरावर घ्यावा, पिशव्या ज्यापासून बनतात त्या प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यांच्या वजनावर, म्हणजे पिशवी बाजारात येतानाच महाग असेल आणि विक्रेत्याला ती फुकट देणं परवडणारच नाही. कारखाने मोजके असतात, मोजता येतात. टोपल्या लाखो असतात. तपासणीची सगळी ताकद मोजक्या ठिकाणी लावायची आणि लाखोंना मोकळं सोडायचं, एवढं साधं प्रशासन सरकारांना का जमत नाही? मला तरी याचं कारण अज्ञान वाटत नाही. कारखानदार दबाव आणू शकतो, टोपलीवाली आणू शकत नाही. दक्षिण आफ्रिकेत २००३ मध्ये पिशव्यांना किंमत लागली तेव्हा मागणी झपाट्यानं पडली होती. मग उद्योगाच्या रेट्यामुळे ती किंमत खाली आणली गेली आणि मागणी पुन्हा चढली. म्हणून आकाराची रक्कम महागाईबरोबर आपोआप वाढेल अशी तरतूद मूळ कायद्यातच हवी. दर वेळी वाढीसाठी नव्यानं भांडायची वेळ येता कामा नये.

पिशवीच्या कायद्यानं समुद्र स्वच्छ होईल असं मी म्हणत नाही. जाळी उरतील, बाटल्या उरतील, वेष्टणं उरतील. १९५० मध्ये जग वर्षाला वीस लाख टन प्लास्टिक बनवत होतं. २०१९ पर्यंत ते ४६ कोटी टनांवर गेलं. उत्पादनापासून कचऱ्यापर्यंत प्लास्टिकच्या पूर्ण जीवनचक्राचा विचार करणारा, प्रदूषण रोखणारा जागतिक करार व्हावा म्हणून मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठराव झाला, पण डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला वाटाघाटी सहमतीविना संपल्या. तेल आणि प्लास्टिक यांवर जगणारे देश उत्पादनाचा विषय कराराबाहेर ठेवू पाहतात. अशा वेळी कुणी म्हणतं की पिशवीसारख्या लहान गोष्टीत गुंतून आपण मोठ्या लढाईतून अंग काढून घेतो. मला हा धोका दिसतो. पण जिनिव्हात एकमत होईपर्यंत थांबण्याची गरज नसलेला हा एक विषय आहे. एखादा देश, एखादं राज्य, एखादं शहरही तो आपल्या अधिकारात, एका वर्षाच्या आत हाताळू शकतं.

आणि तसं करणाऱ्यांकडे माझी आणखी एकच मागणी आहे. कायदा लागू करण्याच्या वर्षभर आधीपासून मोजणी सुरू करा. ठरलेले किनारे, ठरलेले नाले, भरती-ओहोटीच्या ठरलेल्या वेळा, दर महिन्याला तीच माणसं, तीच पद्धत. जाड पिशवी वेगळी लिहा, पातळ वेगळी, कचऱ्याची वेगळी, आणि फाटून निम्मी राहिलेली असेल तर तसं लिहा. आकारातून जमणाऱ्या पैशांतला पहिला हिस्सा या मोजणीवर खर्च होईल, आणि दर दोन वर्षांनी आकडे जाहीर करून त्यांच्यावरून आकाराची रक्कम ठरेल, असं कलम कायद्यातच घाला. वही घेऊन वाळूत बसायला माणसं मिळतील. ती आजही पदरमोड करून बसतातच.